प्रश्न तुमचे, उत्तरे आमची : तणाला झाडाचाच उतारा

पावसाच्या तोंडावर येणाऱ्या टपालात तणांचे प्रश्न नेहमीच असतात. या वेळी त्यातली एकाच धाटणीची पत्रे घेतली आहेत: बाजारातले तणनाशक नको, एखाद्या झाडाच्या पाल्याने, काढ्याने किंवा सालपटाने तण रोखता येईल का? एका झाडाने सोडलेल्या रसायनांचा दुसऱ्यावर परिणाम होतो, त्याला ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी 1937 मध्ये अ‍ॅलिलोपॅथी हे नाव दिले. एक गोष्ट मात्र आधीच ध्यानात घ्या, म्हणजे पुढची उत्तरे सोपी जातील. ही रसायने बहुतेक वेळा रुजणाऱ्या बियाला आणि नुकत्या फुटलेल्या मुळाला अडवतात. गुडघ्याएवढे वाढलेले तण त्यांना दाद देत नाही.

प्रश्न : सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉकच्या फटींमध्ये दुधी, आंबुशी, घोळ आणि हरळी माजते. निलगिरीच्या पानांचा काढा, व्हिनेगर आणि मीठ एकत्र करून फवारा, असे एकांनी सुचवले. प्रमाण काय घ्यावे? (मुलुंड)

उत्तर : या तीन वस्तूंची कामे तीन वेगळी आहेत आणि मिसळून त्यांचे बळ वाढत नाही, हिशेब मात्र चुकतो.

मीठ आधी बाजूला ठेवा. आवाराखाली पार्किंग असेल, म्हणजे पेव्हर पोडियमच्या स्लॅबवर बसवलेले असतील, तर मिठाचे पाणी झिरपत सळयांपर्यंत जाते आणि त्या गंजतात. चार रोपट्यांसाठी स्लॅबची दुरुस्ती अंगावर घ्यायची का? खाली माती असेल तरी मीठ कडेच्या झाडांच्या मुळांशी पोहोचतेच.

स्वयंपाकाच्या व्हिनेगरमध्ये अ‍ॅसेटिक आम्ल 4 ते 5 टक्के असते. ते पानाला लागले की पेशींची आवरणे फाटतात आणि कडक उन्हात काही तासांत पान करपते. मुळापर्यंत ते जात नाही. म्हणून दोन ते चार पानांची दुधी किंवा घोळ मरते, हरळी आठवड्याभरात पुन्हा हिरवी होते. वापरायचेच असेल तर पाणी न घालता, लिटरला भांड्यांच्या लिक्विड साबणाचे पाच-सहा थेंब टाकून, सकाळी दव वाळल्यावर फवारा. पुढचे दोन दिवस कोरडे हवेत. म्हणजे हे काम ऑक्टोबरनंतरचे. जुलैत मुंबईत सरासरी 800 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तेव्हा व्हिनेगर पानावर टिकणे शक्य नाही. आणि जिन्याजवळच्या कोटा, शहाबादी किंवा संगमरवरी लादीवर थेंबही पडू देऊ नका. तिन्ही दगड चुन्याचे आहेत, आम्लाने पॉलिश जाऊन पांढरे डाग पडतात, आणि ते पुसून निघत नाहीत.

राहिला निलगिरीचा काढा. निलगिरीच्या पानातले सिनिओल उडून जाणारे तेल आहे. उघडे उकळले तर ते स्वयंपाकघरात दरवळते आणि पातेल्यात फारसे उरत नाही. फटींत माती चिमूटभर, त्यात पहिली जोराची सर आली की उरलेसुरलेही वाहून जाते. पेव्हरसाठी या काढ्याचा खटाटोप आम्ही सुचवणार नाही.

त्यापेक्षा मेच्या शेवटच्या आठवड्यात फटी जुन्या स्क्रूड्रायव्हरने उकरून घ्या. धूळ आणि सडका पाला, म्हणजेच तणांचे वाफे, काढून टाका. मग कोरडी बारीक वाळू फटीत झाडूने घोळवून काठोकाठ भरा. जूनमध्ये जे उगवेल त्याच्या बुडाशी किटलीने उकळते पाणी ओता, एका रोपाला शंभर-दीडशे मिली पुरते. हरळी मात्र गाठींसकट उपटावी लागते.

प्रश्न : चार गुंठ्यांची वाडी आहे. लाल माठ, पालक आणि थोडी वांगी-मिरची करतो. ज्वारीच्या कडब्याचे पाणी फवारल्यास तण कमी येते असे ऐकले. कृती आणि मात्रा सविस्तर कळवावी. (वसई)

उत्तर : झाडांच्या रसायनांपैकी शेतात सर्वांत जास्त तपासलेली वस्तू हीच आहे. पाकिस्तानात फैसलाबादच्या कृषी विद्यापीठात गव्हावर याचे बरेच प्रयोग झाले आणि तिथे या अर्काला ‘सॉरगाब’ म्हणतात.

आधी एक गैरसमज. ज्वारीच्या मुळांवरच्या केसांतून सॉर्गोलिओन नावाचे पिवळसर, तेलकट द्रव्य पाझरते. कोवळ्या ज्वारीचे मूळ भिंगाखाली धरले तर केसांच्या टोकांवर त्याचे बारीक सोनेरी थेंब दिसतात. ते शेजारच्या रोपाची प्रकाशसंश्लेषणाची साखळी तोडते, अ‍ॅट्राझिन हे तणनाशक जिथे घाव घालते साधारण तिथेच. पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तुम्ही कडबा भिजवता तेव्हा पाण्यात उतरतात ती मुख्यतः फिनॉलिक आम्ले. ती सौम्य असतात. तेव्हा सॉर्गोलिओनचे गुणगान वाचून कडब्याच्या पाण्याकडून तेवढ्याच अपेक्षा ठेवू नका.

कृती अशी. पक्व, वाळलेला, बुरशी नसलेला दीड किलो कडबा घ्या. ताटे आणि पाने दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे होतील अशी अडकित्त्याने किंवा विळ्याने तोडा. प्लास्टिकच्या पिंपात 15 लिटर पाण्यात बुडवून वर दगड ठेवा, नाहीतर निम्मा कडबा तरंगत कोरडाच राहतो. सावलीत 24 तास. त्यापेक्षा जास्त ठेवले तर आपल्या उकाड्यात आंबते, फेस येतो आणि गुण उतरतो. दुसऱ्या दिवशी आधी चाळणीने, मग दुहेरी सुती कापडातून गाळा. कडबा दोन-अडीच लिटर पाणी पिऊन बसतो, हाती 12 ते 13 लिटर चहाच्या रंगाचे पाणी येते.

यापुढे बहुतेक माहितीपत्रके सांगतात की हे पाणी उकळून विसाव्या हिश्शावर आणा आणि हेक्टरी 12 ते 18 लिटर वापरा. तुमच्यासाठी याचा हिशेब मांडून पाहा. चार गुंठे म्हणजे सुमारे 400 चौरस मीटर, हेक्टरचा पंचविसावा भाग. हेक्टरी 15 लिटरने तुम्हाला 600 मिली अर्क लागेल, आणि फवारताना तो पुन्हा 12 लिटर पाण्यात मिसळावा लागेल. म्हणजे 12 लिटर उकळून 600 मिली करायचे आणि त्याचे परत 12 लिटर करायचे! आटवणे हे साठवणीसाठी आणि मोठ्या शेतावर वाहून नेण्यासाठी आहे. तुमच्या वाडीत गाळलेले पाणी त्याच दिवशी पाठीवरच्या पंपात भरून सरळ फवारा, जमिनीवर पडणारी मात्रा तीच. उकळण्यात घरच्या सिलिंडरमधला एक-दीड किलो गॅस जातो आणि शेवटच्या लिटरला बूड लागते ते वेगळेच.

फवारणी मशागतीनंतर एक-दोन दिवसांत, माती वाफशावर असताना, तणाचा कोंब वर येण्याआधी करा. पंपाला तणनाशकाचे, पंख्यासारखा चपटा फवारा देणारे नोझल लावा. गोल फवाऱ्याच्या नोझलने पट्टे राहतात आणि त्या पट्ट्यांत तण ओळीने उगवते. पाण्यात आणखी पाणी घालून पुरवू नका. या रसायनांची मात्रा फार पातळ झाली तर तण रोखण्याऐवजी त्याची वाढ जोमाने होते, अगदी टॉनिक घातल्यासारखी. ज्वारीच्या पातळ अर्काने पिकेही वाढतात, याचे प्रयोग आहेत.

आता अडचणीचा भाग. तुमचा लाल माठ आणि पालक बी टाकूनच होतात, आणि बारीक बियाला हे पाणी सर्वांत आधी बाधते. काटेमाठ हे तण आणि लाल माठ हे पीक एकाच कुळातले. अर्काला त्यांच्यातला फरक कुठून कळणार? तेव्हा भाजीच्या वाफ्यावर पेरणीच्या वेळी हे फवारू नका. वांगी-मिरचीच्या वाफ्यात फवारून दोन-तीन दिवसांनी पाच-सहा पानांची रोपे लावा, त्यांची मुळे खाली असतात आणि पुरेशी दणकट असतात. पालेभाजीसाठी वेगळा डाव खेळा: वाफा तयार करून पाणी द्या, आठ-दहा दिवसांत उगवलेले तण वरच्यावर खुरपून टाका, माती खोल न हलवता बी पेरा. यात अर्काची गरजच पडत नाही.

फरक किती पडेल? गव्हाच्या प्रयोगांत तणांचे वाळलेले वजन साधारण एक तृतीयांश ते निम्म्याने घटले. एक खुरपणी वाचते, दुसरी करावीच लागते. कडबा विकत आणायचा असेल तर हा सौदा तुमच्या आकारमानाला जेमतेम परवडतो. वसईत भाताचा पेंढा सहज मिळतो. वांग्याच्या ओळींमध्ये तो चार बोटे जाड अंथरा. भातातही मोमिलॅक्टोन नावाचे तणरोधक द्रव्य असते, पण पेंढ्याचे खरे काम सावलीचे, रसायन हा वरकड फायदा. पेंढ्यात ओंब्या राहिल्या असतील तर झटकून घ्या, नाहीतर वाफ्यात भात उगवेल.

सावधगिरी एकच: कोवळी हिरवी ज्वारी वापरू नका. तिच्यात धुरीन असते आणि त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटते. कोवळी ज्वारी खाऊन गुरांना विषबाधा होते ती यामुळेच.

प्रश्न : बाल्कनीत पोपट आणि चिमण्यांसाठी सूर्यफुलाच्या बिया ठेवतो. त्याच्या खालच्या कुंडीत तुळस तर सोडाच, गवतही नीट येत नाही. (दादर)

उत्तर : टरफलांमुळे. सूर्यफुलाच्या टरफलांत आणि पानांत बीजांकुर रोखणारी द्रव्ये असतात. पक्ष्यांच्या खाणावळीखालची उघडी जागा हे त्याचे नेहमीचे उदाहरण. वरचा दोन इंच थर टरफलांसकट काढून टाका, नवी माती घाला आणि ताटली दुसऱ्या बाजूला टांगा किंवा सोललेल्या बिया ठेवा. हीच टरफले वाटेच्या कडेला दोन बोटे पसरली तर तण कमी उगवते, पण मुंबईत उंदीर आधी येतात.

प्रश्न : इमारतीशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत माजले आहे. टाकळा पेरला तर ते हटते का? (चेंबूर)

उत्तर : हटते, पण हंगामापुरते.

गाजरगवताची आपल्याकडची पहिली ठळक नोंद 1950 च्या दशकाच्या मध्यात पुण्याची. ते स्वतःच रसायनांच्या बळावर पसरते. त्यातले पार्थेनिन आजूबाजूचे बी रुजू देत नाही आणि माणसाच्या कातडीला खाज-पुरळ आणते. टाकळा त्याला दोन्ही बाजूंनी पुरून उरतो: पहिल्या पावसाबरोबर दाट उगवून सावली धरतो, आणि त्याच्या पाल्यातली द्रव्ये गाजरगवताचे बी दाबतात. कर्नाटकात याच कामासाठी टाकळ्याची एक परदेशी बहीण वापरली गेली. आपला देशी टाकळा इथे सहज मिळत असताना नवा पाहुणा आणायचे कारण नाही.

टाकळ्याचे बी कडक कवचाचे असते, तसेच फेकले तर बरेचसे पुढच्या वर्षीपर्यंत पडून राहते. नोव्हेंबरमध्ये सुकलेल्या शेंगांतून बी जमवा. पेरायच्या आदल्या दिवशी वाळूबरोबर गोणपाटावर खसखसून घासा, मग उकळून आचेवरून उतरवलेल्या पाण्यात टाकून रात्रभर ठेवा. फुगलेले बी चांगले, न फुगलेले पुन्हा घासा. चौरस मीटरला पाच ग्रॅम धरा. मेअखेरीस, गाजरगवत उपटून जागा मोकळी झाल्यावर, हाताने विस्कटून पेरा आणि दाताळ्याने वरवर माती ओढा. उभ्या गाजरगवतात टाकळा टाकला तर तो हरतो, इथेच बहुतेकांचे बिघडते.

उपटताना हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला फडके. फुले येण्याआधी उपटलेले कंपोस्टमध्ये चालते, कुजताना पार्थेनिन मोडते. फुलावर आलेले नको: एका झाडाला हजारो बिया धरतात आणि घरगुती खड्ड्याची उष्णता त्या मारायला पुरत नाही.

दिवाळीच्या सुमारास टाकळा वाळतो आणि गाजरगवत मात्र ओल मिळेल तेव्हा, बारा महिने उगवते. डिसेंबर आणि मार्चमध्ये एकेक फेरी हाताने मारावी लागेल. पावसाळ्यात पानांवर पिवळसर पांढरे, काळ्या नागमोडी रेषांचे भुंगेरे दिसले तर मारू नका. मेक्सिकोहून आणून 1984 च्या सुमारास बेंगळुरूत सोडलेले हे मित्रकीटक गाजरगवताची पाने खातात. आणि टाकळा श्रावणात भाजीला लागतो खरा, पण राडारोडा टाकलेल्या प्लॉटवरचा खुडू नका.

प्रश्न : आमच्या परिसरात आंबा, कडुनिंब, सुबाभूळ, बॉटलब्रश अशी बरीच झाडे आहेत. कोणत्या पाल्यात तण रोखण्याचा गुण आहे हे घरी कसे तपासावे? (गोरेगाव)

उत्तर : सोपे आहे, आणि ऐकीव यादीपेक्षा जास्त भरवशाचे.

पाला सावलीत वाळवून चुरा. 50 ग्रॅम चुरा अर्धा लिटर पाण्यात 24 तास ठेवून गाळा, उकळू नका. याची तीन रूपे करा: जसाच्या तसा, निम्मे पाणी घातलेला आणि दहापट पातळ. चौथे साधे पाणी. चार पसरट डब्यांत टिश्यू पेपरच्या दोन घड्या घाला, प्रत्येकात एकेक रूप पाच मिली ओता, राईचे 20 दाणे मोजून ठेवा, झाकण लावा आणि अंधारात ठेवा. परदेशी पुस्तकांत यासाठी लेट्यूसचे बी सांगतात. ते इथे मे महिन्यात वापरू नका. तापमान तिशीच्या वर गेले की लेट्यूस साध्या पाण्यातही रुजायला मागत नाही आणि तुम्हाला वाटते की पाला जालीम आहे.

तिसऱ्या दिवशी उघडा. किती दाणे रुजले हे मोजा, पण खरी गंमत मुळात दिसते. साध्या पाण्यातले मूळ पांढरे, सरळ, आणि त्यावर मखमलीसारखी केसांची लव. बाधित मूळ आखूड, वाकडे, टोक तपकिरी, लव गायब. वरचे दळ मात्र नीट निघालेले असते, त्यामुळे नुसते रुजलेले मोजणारे फसतात. पट्टीने मुळे मोजून सरासरी काढा.

फक्त घट्ट अर्कानेच मूळ खुंटले आणि निम्म्या अर्काने काहीच झाले नाही, तर दोष बहुधा विरघळलेल्या क्षारांचा, तण रोखणाऱ्या द्रव्याचा नव्हे. दहापट पातळ अर्कातही मूळ निम्मे राहिले तर त्या पाल्यात दम आहे. मग हीच परीक्षा कुंडीतल्या मातीत घ्या. मातीचे कण ही द्रव्ये धरून ठेवतात आणि जिवाणू ती खातात, त्यामुळे डब्यात जिंकलेला पाला मातीत बहुधा ढेपाळतो. सुबाभळीत मिमोसिन हे तणरोधक द्रव्य आहे, तिचा पाला डब्यात चांगला गुण दाखवेल. पण आच्छादन करताना शेंगा वेचून काढा, नाहीतर तणाच्या जागी सुबाभूळ उगवेल. कडुनिंबाची पेंड जमिनीतला युरिया हळू मुरवते, तणनाशक म्हणून तिचा भरवसा नाही.

बॉटलब्रशचे नाव तुम्ही घेतलेच आहे तर: कॅलिफोर्नियात 1977 मध्ये एका रसायन कंपनीच्या शास्त्रज्ञाला या झाडाखाली तण कमी दिसले. त्यातून लेप्टोस्पर्मोन हे द्रव्य सापडले. ते होते तसे वापरायचे तर मात्रा फार मोठी लागत होती, म्हणून रेणूत बदल करत गेले आणि 2001 च्या सुमारास मक्याचे मेसोट्रिऑन हे तणनाशक बाजारात आले. झाडाखालचा पाला आणि डब्यातले औषध यांत एवढे अंतर असते.

प्रश्न : मका ग्लुटेन हे नैसर्गिक तणरोधक म्हणून ऑनलाइन मिळते. लॉनवर वापरावे का? (पवई)

उत्तर : वस्तू खरी आहे. मक्यातून स्टार्च काढल्यावर उरणारी ही प्रथिनांची पूड. अमेरिकेत आयोवा राज्य विद्यापीठाच्या निक ख्रिश्चन्स यांना त्यावर 1991 मध्ये पेटंट मिळाले. चौरस मीटरला 100 ग्रॅम पसरून हलके पाणी देतात, आणि रुजलेल्या बियाचे मूळ तयार होत नाही. पुढची अट महत्त्वाची: बी रुजल्यावर दोन-तीन दिवस वरची माती कोरडी पडली पाहिजे, तरच बिनमुळाचे रोप मरते. जून ते सप्टेंबर मुंबईत ही अट पुरी होत नाही. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, परतीचा पाऊस थांबल्यावर करून पाहा. 60 टक्के प्रथिनांचे पिवळे ‘ग्लुटेन मील’ मागा. पशुखाद्यातले 20 टक्क्यांचे ‘ग्लुटेन फीड’ वेगळे, त्याने तण अडत नाही. यात सुमारे 10 टक्के नत्र असते, म्हणजे उगवलेल्या तणाला हे खतच. उशीर झाला तर पैसे देऊन तण पोसाल.

याच पत्रात लव्हाळ्याबद्दलही विचारले आहे. लव्हाळा बियाने नव्हे, मातीतल्या गाठींनी वाढतो. त्यावर ना काढा चालतो ना ग्लुटेन. अमेरिकेत रताळ्याच्या वेलाने पिवळ्या लव्हाळ्याला रोखल्याचे प्रयोग आहेत, आपल्याकडचा जांभळा, त्यामुळे तो भरवसा इथे देता येत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी काट्याने गाठींसकट उकरा. कुंडीत असेल तर सगळी माती चाळून घ्या.

प्रश्न : आम्ही बचत गटातर्फे असा अर्क बाटल्यांत भरून विकू शकतो का? (भांडुप)

उत्तर : स्वतःच्या बागेत वापरायला आडकाठी नाही. ‘तणनाशक’ म्हणून विकायचे झाले तर ते 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली येते. तण मारणारी द्रव्ये त्यातच मोडतात आणि केंद्रीय नोंदणीशिवाय विक्री करता येत नाही, मग ती पाल्यापासून केलेली का असेनात. शिवाय न आटवलेला अर्क दुसऱ्या दिवशी आंबतो आणि झाकण घट्ट असेल तर बाटली फुगते. गटाने अर्काऐवजी चाळलेला, बीविरहित पाल्याचा भुगा ‘आच्छादन’ म्हणून पाच-पाच किलोच्या गोणीत विकावा. पिशवीवर कोणत्या झाडाचा पाला आहे ते लिहा आणि बारीक बी पेरायच्या कुंडीत घालू नये, ही सूचना मोठ्या अक्षरांत छापा.